आडवा धूर

थंडीत धूर वर जात नाही. पन्नासच्या वर हिवाळे मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मला ते माहीत नव्हतं. मग आजवर जे जे मी बघून, पारखून घेतलं त्यातलं किती खरं पारखलं, असा एक विचित्र प्रश्न हल्ली सकाळी तोंड धुताना पडतो.

पौष लागला की सुप्याच्या पलीकडे आमच्या वस्तीवर सकाळी सातच्या सुमाराला घरोघर पाण्याचे बंब पेटलेले असतात. प्रत्येक बंबातून धूर निघतो, पुरुषभर उंच चढतो आणि मग धीर सुटल्यासारखा आडवा होतो. तुरीच्या शेंड्यांवरून, ज्वारीच्या कणसांवरून एक निळसर पट्टा सरकत राहतो. डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे पाय त्यात बुडालेले असतात, पाती तेवढी वर फिरताना दिसतात. कुणाच्या तरी बांधावर हुरड्याची आगटी लागलेली असते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजणाऱ्या कणसांचा वासही आडवाच येतो, बरोबर नाकाच्या उंचीवरून. पूर्वी हा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. यंदा घशात राग येतो. राग येतो असं म्हणतो खरं, पण तो रागच आहे का हेही धड सांगता येत नाही. म्हणून तर लिहायला बसलो आहे. माझं लिहिणं आजवर पावत्यांपुरतंच.

परसात ड्रम आहे. चार लोखंडी पायांवर आडवा, काळा, एखाद्या गाभण म्हशीसारखा. पोटाला झाकण, झाकणाला बिजागऱ्या, आत जाळी. डाव्या अंगाला छोटी पेटी, तिच्यात विस्तव करायचा. विस्तवाचा धूर ड्रमच्या पोटातून जातो आणि जाळीवरचं मांस नाही तर मासळी त्या धुरात दोन-तीन तास हळूहळू शिजते. मुलगा त्याला स्मोकर म्हणतो, माझी बायको सुनंदा भट्टी म्हणते. मी नुसतं ड्रम म्हणतो, कारण माझं उभं आयुष्य ड्रमवर गेलं आहे. सुप्याच्या कारखान्यांतून रिकामे ड्रम घ्यायचे, धुवायचे, ठोकून सरळ करायचे, रंगवून विकायचे. सुरुवात केली तेव्हा एक सायकल होती. आता दोन टेम्पो आणि दीड एकराचं आवार आहे. कुणी हातात आणून दिलेलं नाही.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. दोन दिवाळ्यांपूर्वी त्याने मोबाईलवर दाखवलं, कुणी परदेशी गृहस्थ अशाच काळ्या नळकांड्यात मांस धुरावत होता. मी किंमत विचारली. त्याने सांगितली.

"अरे, हा तर आपला ड्रम!" मी ओरडलोच. "भोकं पाडून विकतो होय हा!"

त्याच हिवाळ्यात मी आणि योहानने तो घरी केला. मागचा हिवाळा तो. त्यातले पहिले दहा दिवस मला आठवतात तेव्हा छान वाटतं आणि पुढचं आठवलं की ते छान वाटणं खोटं होतं की काय, असं वाटू लागतं.

योहान वेल्डर. हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं शेड आहे. सायकल होती तेव्हापासूनचा आमचा जोड. उंच, वाळका, एका हातात हातमोजा आणि एक हात उघडा. मोजा दोन्ही हातांत का घालत नाहीस, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "एका हाताला कळलं पायजे ना, काय चाललंय ते." लोखंड त्याला बोटाच्या पेराने ठोकून कळतं. त्या वेळी कारखान्याच्या दारात माल घ्यायला आम्ही दोघे जायचो. भाव मी करायचो, पण माल ओळखायचा त्याने. विकणाऱ्यासमोर बोलायचं कसं? मग आम्ही बैलबाजारातली रीत उचलली. तिथे दलाल रुमालाखाली हात घालून भाव ठरवतात, एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. बघणाऱ्याला काही कळत नाही. योहान ड्रम ठोकायचा, मग त्याच्या गमच्याखाली माझा हात धरायचा. दहातले किती चांगले, ते बोटं सांगायची. मला कबूल असेल तर हात तसाच ठेवायचा, नसेल तर काढून घ्यायचा. हात काढून घेतला की सौदा फिसकटला. पुढे पुढे आम्ही चहा कुणी सांगायचा तेसुद्धा गमच्याखाली ठरवायला लागलो आणि हॉटेलवाला आम्हाला वेडे समजायचा.

आपल्या ड्रमसाठी मी खाद्यतेलाचा एक निवडला होता. नाक घालून वास घेतला, रंग पाहिला. योहानने ठोकला आणि मान हलवली. "ह्यो न्हाई दत्तू. ह्यो दोन पावसाळ्यांत चाळणी व्हईल."

"मी धंदा करतो ड्रमचा."

"करतो की. मी कुठं म्हनतो करत न्हाईस?"

त्याने दुसरा काढला. आत बाभळीची लाकडं घालून आम्ही तो दिवसभर तापवला, जुना रंग जाळून टाकला. उन्हात बसून तुरीच्या शेंगा खात होतो. सुनंदा मधूनच चहा आणायची आणि पदर नाकाला लावून आत जायची. थंडीत तिला खोकला असतो, दरवर्षीचाच. धुराडं कुठे लावायचं ते मी योहानला खडूने आखून दिलं. वर, बरोबर मधोमध, आगगाडीच्या जुन्या इंजिनाला असतं तसं. मग एका लिलावासाठी मी दोन दिवस नगरला गेलो.

परत येऊन पाहतो तर माझी खडूची खूण तशीच आणि पाइप भलतीकडेच. उजव्या अंगाला, खाली, जाळीच्या उंचीवर त्याने भोक पाडलेलं. तिथून निघालेला पाइप जमिनीला समांतर परसाच्या भिंतीवरून पलीकडे तुरीच्या रानात गेलेला आणि तिथे थोडासा वर वळलेला.

"हे काय रे?"

"येकदा पेटवून बघ."

पेटवलं. कोंबडी तांब्याच्या भांड्यासारखी रंगून आली, सगळीकडून सारखी. मी दोन तुकडे जास्त खाल्ले आणि काही बोललो नाही. चांगलं झालंय म्हणायची माझी जीभच नाही. धंद्यात माल चांगला म्हटला की समोरचा भाव चढवतो. तीस वर्षं जपलेली सवय जेवताना कशी काढून ठेवणार?

मग तो रविवार आला. राहुरीहून आमचे व्याही आले, मुळा धरणाची ताजी मासळी घेऊन. व्याही माणूस मोकळा, पण व्याही तो व्याहीच. त्याच्यासमोर घराची एक कड जरी दुमडलेली दिसली तरी मला अस्वस्थ होतं. त्याने परसात येऊन ड्रमभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पाहुणं, ड्रम झ्याक हाय. पर ह्याला सांडपान्याचा पाइप कशापायी लावलाय?"

सगळे हसले. विहीणबाईसुद्धा. हसू माझ्या अंगावर आलं आणि मी अशी वस्तू फार वेळ अंगावर ठेवत नाही. लगेच दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

"या योहान्याला विचारा," मी म्हणालो. "धूर वर जातो, एवढंसुद्धा याला कळत नाही."

योहान पेटीत लाकूड सारत होता. मागे न बघता तो म्हणाला, "दत्तू, तुला माल कळतो. धूर न्हाई कळत."

व्याह्यांसमोर! माझ्या परसात, माझ्या ड्रमवरून!

"दोन पत्रे जोडायला बोलावलं होतं तुला," मी म्हणालो, "अक्कल शिकवायला नाही."

त्याने हातमोजा काढला, भिंतीवर ठेवला. ताटं मांडून झाली होती. सुनंदाकडे बघून तो म्हणाला, "वहिनी, येतो," आणि गेला. न जेवता.

एवढीच गोष्ट. वर्षभर मी ती उलटून पालटून पाहिली आहे. मी बोललो हे खरं. पण तो काय बोलला? आणि बोलणं गेलं खड्ड्यात, माझ्या दारातून मांडलेल्या ताटावरून उपाशी उठून गेला, तेही व्याह्यांसमोर, हे काय कमी आहे? शिवी दिली असती तर मी परत दिली असती आणि दोघे जेवायला बसलो असतो. न जेवता जाण्याला उलटून काय द्यायचं असतं, ते मला माहीत नाही.

पाहुणे गेल्यावर दुपारीच मी ग्राइंडर घेतला आणि त्याचा पाइप कापला. खालच्या भोकावर पत्रा मारला, वर माझ्या खडूच्या खुणेवर भोक पाडलं आणि धुराडं उभं केलं. दिसायला फक्कड. पुढच्या रविवारी कोंबडी पेटीच्या बाजूला करपली आणि दुसऱ्या टोकाला कच्ची राहिली. म्हटलं, वाऱ्याचा दोष. मग धुराड्याला झडप लावली. मासळी कडू झाली. मग वाटलं ड्रमला हवा कमी पडते, म्हणून आणखी एक भोक पाडलं. धूर जाळीला शिवायचाच नाही, पेटीतून निघून सरळ वरच्या भोकाने पसार. घाईतल्या गिऱ्हाइकासारखा दुकानात शिरायचा आणि काही न घेता बाहेर. मग ते भोक कणकेने बुजवलं, दुसरं पाडलं. वर्षभरात ड्रमला पाच भोकं झाली. कुणी विचारलं की मी म्हणायचो, सुधारणा चालू आहे.

रविवारी मी ड्रम पेटवला की सुनंदा स्वयंपाकघर सोडून पुढच्या ओसरीत जाऊन बसायची. मी समजलो, योहानच्या बाजूने रुसली आहे. रुसू दे. मी विचारलं नाही.

मार्गशीर्षात आमच्या घरात मांसमच्छी नसते, म्हणून ड्रम महिनाभर थंड पडून होता. त्या महिन्यात मला जास्तच त्रास झाला. चालू असताना निदान त्याच्यावर ओरडता यायचं. नाताळला योहानच्या घरून फराळाचा डबा आला, नेहमीसारखा. मार्थावहिनी घेऊन आल्या, तो आला नाही. करंज्या, चिवडा. मी सुनंदाला म्हणालो, परत पाठव. ती म्हणाली, "तुम्ही पाठवा." डबा फ्रिजवर राहिला. एका दुपारी मी उभ्यानेच एक करंजी खाल्ली. तीच चव, सुक्या खोबऱ्याची, वेलदोडा जरा जास्त. माणूस रागावलेला असेल तर करंजी का पाठवतो? आणि रागावलेला नसेल तर येत का नाही? मी दुसरी खाल्ली. तिनेही काही सांगितलं नाही.

आता पौष लागला. व्याह्यांचा फोन आला, रविवारी मासळी घेऊन येतो, तुमचा तो ड्रम पेटवा. पाइपाचं त्यांना आठवतही नव्हतं. मी शिडी घेतली. ठरवलं, धुराडं आणखी हातभर उंच करायचं. उंच असेल तर धूर ओढेल, साधी गोष्ट आहे. जोड बसवला, पेटीत गोवरी पेटवून ठेवली आणि शिडीवर उभा राहून बघत राहिलो.

सकाळची वेळ होती. धूर धुराड्यातून निघाला, जरासा वर चढला आणि थांबला. मग आडवा झाला. मग हळूहळू खाली उतरला, परस ओलांडला आणि घरचा माणूस शिरावा तसा, न विचारता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेला. आत सुनंदा खोकली. तो थंडीचा खोकला नव्हता. एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नव्हता.

मी शिडीवरून उतरलो. म्हणजे उतरलो असणार, कारण पुढे मी खाली होतो. सुनंदा पदर नाकाला लावून मागच्या दारात आली.

"झालं समाधान?"

"हा धूर आत जातो?"

"वर्षभर जातोय."

"मग बोलली का नाहीस?"

ती पायरीवर बसली. दम खाऊन म्हणाली, "तुम्ही नगरला गेला होता ना लिलावाला, तेव्हा योहानभाऊजी दोन दिवस इथंच बसून होते. उदबत्त्या घेऊन."

"उदबत्त्या?"

"परसाच्या चारी कोपऱ्यांत खोचल्या होत्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. धूर कुठं जातो ते बघत बसायचे. मला म्हणाले, वहिनी, थंडीत धूर खाली बसतो, तुमच्या खिडकीत येणार, तुम्हाला दम लागतो. पाइप रानात नेतो. आणि जाळीशी काढला तर मासळीपण नीट होईल."

"हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तेच म्हणाले, सांगू नका. म्हणाले, दत्तूला वाटेल माझ्या घरातलं माझ्या माघारी दोघांनी ठरवलं. तो तुमच्यावर चिडेल. माझ्यावर चिडलेला बरा, मी काय, उठून घरी जाऊ शकतो."

आणि तो उठून घरी गेला होता.

"पण वर्ष झालं, सुनंदा! वर्षभर तू..."

"वाट बघत होते," ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारता त्याची."

रागाला एक माणूस लागतो. त्या सकाळी मला तो सापडेना. योहानवर रागवावं तर कशाबद्दल? मला न सांगितल्याबद्दल? रागवायला हवं, माझं घर आहे. पण त्याने माझ्याबद्दल जो अंदाज केला तो अगदी बरोबर होता, आणि आपल्याबद्दलचा बरोबर अंदाज खोटा पाडायचा तरी कसा? सुनंदावर रागवावं तर ती समोर बसून धापा टाकत होती. ड्रमला लाथ मारून पाहिली. पाय दुखला. ड्रम चांगल्या पत्र्याचा होता, त्यानेच निवडलेला. मग मी बराच वेळ तुरीच्या बाजूच्या भिंतीपाशी उभा राहिलो. भिंतीवर त्याचा हातमोजा वर्षभर तसाच पडलेला होता, पावसाने कडक झालेला. कुणीच उचलला नव्हता. रोज दिसायचा.

दुसऱ्या दिवशी ड्रम टेम्पोत चढवला. सुनंदाने फराळाचा डबा सीटवर आणून ठेवला, भरलेला. डबा रिकामा परत करत नाहीत. सकाळीच शेजारच्या आगटीवरून आणलेला हुरडा होता त्यात, अजून कोमट. मी तो मोजा खिशात घातला.

शेडमध्ये योहान कुणाच्या तरी फाटकाला डाग देत होता. टेम्पो थांबलेला त्याला कळला, पण त्याने काच तोंडावरून काढली नाही. मी ड्रम उतरवला आणि उभा राहिलो. सौद्यात पहिला शब्द बोलेल तो खाली येतो, हे मी कुणाकडून शिकलो नाही, चटके खाऊन शिकलो आहे. माझ्यासमोर मोठमोठे मॅनेजर आधी बोलले आहेत. मी गप्प बसू शकतो. पण गप्प बसणं मी अर्धं तरी याच माणसाच्या शेजारी बसून शिकलो होतो, हे मला तिथे आठवलं.

त्याने डाग पुरा केला, काच वर केली. ड्रमपाशी आला. एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. कणकेने बुजवलेलं भोक नखाने खरवडलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला लगेच चिडता आलं असतं. त्याने पेराने पत्रा ठोकला. एकदा, दोनदा. पत्र्याचा आवाज चांगला आला. हायवेवरून ट्रक जात होते. शेडच्या चुलीचा धूर दारातून बाहेर येऊन माझ्या पायांशी आडवा होत होता.

मी खिशातून मोजा काढून ड्रमवर ठेवला.

"पाइप कुठं लावायचा?" मी विचारलं.

आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही. आयुष्यात मी योहानला भाव विचारला असेल, वजन विचारलं असेल. एखादी गोष्ट कुठे लावायची, हे विचारलं नव्हतं.

"वहिनीचा दम कसा हाय?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. मग म्हणालो, "रविवारी व्याही येतायत."

खांद्यावरचा काळा पडलेला गमचा काढून त्याने आपल्या उघड्या हातावर टाकला आणि हात पुढे केला, कारखान्याच्या दारात करायचा तसा. इतक्या वर्षांनी. मी आत हात घातला. बोटांची वाट बघत राहिलो, एक दाबेल, दोन दाबेल. त्याने एकही बोट वेगळं धरलं नाही. अख्खा पंजा धरला.

पंजा म्हणजे पाच. पाच काय? भोकं पाच होती, ती मोजून दाखवत होता का? पाच दिवस लागतील म्हणत होता? मग रविवार गेलाच. की रविवारी ताटं पाच मांडायची, व्याही, विहीण, आम्ही दोघं आणि पाचवं त्याचं? मग मार्थावहिनींचं? की यात भाव काही नव्हताच आणि तो नुसता हात धरून उभा होता? त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर तो ट्रकांकडे बघत होता. तीस वर्षं हा हात मला अचूक कळत आला होता.

मला काही कळलं नाही. मी हात काढला नाही.